जानूच्या जीपला स्नॉर्केल

इंजिनाच्या तळाशी असलेल्या सम्पचा प्लग सैल केला तर ऑइलच्या आधी पाणी आलं. लाल, गढूळ, चांगलं तांब्या-दीड तांब्या. माझ्या हाताखालचा फिटर म्हणाला, "फोरमन, गाडी पोहून आली की काय?" कोणी हसलं नाही. जीपचा ड्रायव्हर जानू भोये चार पावलांवर जुन्या टायरवर बसला होता आणि त्याची नोकरी जायच्या बेतात होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकच्या एका वर्कशॉपमध्ये मी फोरमन होतो. ही डिझेल जीप मुंबईच्या एका संस्थेची. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर ती फिरता दवाखाना म्हणून चालायची. वावर गावातल्या कुपोषणाच्या बळींच्या बातम्या पेपरात आल्यानंतर त्या भागात ज्या संस्था गेल्या, त्यांतली ही एक. बऱ्याच जणी फोटो काढून परतल्या, ही टिकली. जीपची सगळी सर्व्हिसिंग आमच्याकडे व्हायची. जानू सकाळी गाडी घेऊन यायचा आणि काम दिवसभर चालायचं, म्हणून दुपारी मी त्याला घरी जेवायला न्यायचो. सात-आठ वर्षांचा हा शिरस्ता. आमची ही त्याच्यासाठी मुद्दाम नागलीची भाकरी करायची आणि तो न बोलता चार खायचा.

या वेळी मात्र गाडी ट्रकला बांधून मोखाडा, त्र्यंबक अशी घाटातून ओढत आणली होती.

हेड उघडलं. तिसऱ्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड वाकला होता. वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. इंजिन हवा आत ओढतं आणि पिस्टन ती हवा दाबतो. हवा दाबली जाते. पाणी दाबलं जात नाही. हवेच्या वाटेने पाणी आत गेलं की पिस्टन वर येतो आणि भिंतीवर डोकं आपटावं तसा थांबतो. मागून रेटा चालूच असतो. मग मधला रॉड वाकतो. आमच्यात याला 'इंजिन पाणी प्यायलं' म्हणतात. प्यायलेलं इंजिन उतरत नाही, ते उघडावंच लागतं.

"पाणी किती होतं?" मी जानूला विचारलं.

"गुडघ्याखाली होता साहेब."

"गुडघ्याखालच्या पाण्यात इंजिन मरत नाही, जानू."

तो गप्प बसला. त्याच्या गप्प बसण्याचा मला राग आला. खोटं बोलणारा माणूस निदान काहीतरी सांगतो, असं मनात आलं. आता ते आठवलं की लाज वाटते.

मी गाडीभोवती फिरून पाण्याची खूण शोधली. गाडी पाण्यात उभी राहिली की चिखलाची एक रेघ उरते. रेघ बंपरच्या थोडी खालीच होती. म्हणजे जानू खरं बोलत होता. मी जॉब कार्डावर ते लिहिलं आणि पुढे विचार केला नाही. पाण्याने उसळी मारली असेल, एवढ्यावर सोडून दिलं. पुढच्या जाळीला दोन बाजूंना सुतळीचे तुकडे बांधलेले होते आणि रेडिएटरच्या पाकळ्यांत पळसाच्या वाळक्या पानांचा चुरा अडकला होता. "जंगलातच गाडी घातली होती वाटतं," असं म्हणून फिटरने सुतळी कापून टाकली आणि हवा मारून रेडिएटर साफ केला. मी बघत होतो. पुरावा साफ होताना माणूस किती निवांत उभा असतो!

तिसऱ्या दिवशी संस्थेचे सेक्रेटरी कारखानीस मुंबईहून आले. माणूस चांगला, पण कायम घाईत. त्यांच्या हातात एक गुळगुळीत कॅटलॉग होता.

"गांगुर्डे, हे बघा. स्नॉर्केल."

चित्रात एक लठ्ठ जीप नदीत उभी होती. बॉनेटच्या बाजूने एक काळा पाइप निघून काचेच्या कडेने थेट टपापर्यंत गेला होता. पाणबुड्या तोंडात नळी धरतो तसलाच प्रकार. इंजिन खालची हवा न घेता टपाच्या उंचीवरची घेतं. बॉनेट बुडालं तरी श्वास चालू. परदेशात वाळवंटा-जंगलांत फिरणारे हौशी लोक हे लावतात. आपल्याकडे तेव्हा फारच थोड्यांनी पाहिलेलं होतं. मीही चित्रातच पाहत होतो.

"एक डोनर द्यायला तयार आहेत," कारखानीस म्हणाले. "पाइपवर त्यांच्या आईचं नाव घालायचं, एवढीच अट. तुमच्याकडून मला टेक्निकल रिपोर्ट हवा. या भागात चालवायला स्नॉर्केल आवश्यक आहे की नाही. हो किंवा नाही."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर गाडी ठीक होती, ड्रायव्हर चुकला. कमिटीत मला दुसरं काय सांगता येईल? त्या दिवशी पलीकडच्या पाड्यावर एक बाई अडलेली होती. जीप ओहोळात मेली. सिस्टर तशीच पाण्यातून चालत पुढे गेली, शाळेच्या ओसरीवर बाळंतपण केलं. दोघं वाचली म्हणून आपण इथे बोलतोय. पुन्हा असं झालं तर? भोयेला ठेवायचं तर मला कारण पाहिजे."

हिशोब स्वच्छ होता. स्नॉर्केल हवा लिहिलं तर गाडीत कमतरता होती असं ठरतं आणि जानू सुटतो. नको लिहिलं तर जानू जातो. जानूला घरी बायको, म्हातारी आणि वरकस जमिनीचा तुकडा. ड्रायव्हरकी गेली तर दिवाळीनंतर मुंबई-ठाण्याकडे बिगारीला जाणं आलं. वय पंचेचाळीसच्या पुढे.

आमचे मालक खैरनारशेठ मला बाजूला घेऊन म्हणाले, "यात विचार काय करायचा? लावा म्हणून लिहा. त्यांना पाइप मिळतो, माणसाची भाकरी वाचते, आपल्याला काम मिळतं. सगळ्यांचं भलं."

मलाही तसंच वाटत होतं. फक्त एक अडचण होती. स्नॉर्केल बसवायला उजव्या मडगार्डला मोठं भोक पाडावं लागतं आणि पत्रा एकदा कापला की कापला. मी शिवण्याआधी दोनदा मापणाऱ्या शिंप्याच्या घरातला. बापाची सवय अंगात आहे. म्हटलं, कापायच्या आधी ते पाणी एकदा डोळ्यांनी बघून येऊ.

इंजिन बांधून झालं. फिटरने जे जसं काढलं होतं ते तसं बसवलं. वर्कशॉपचा नियमच आहे तो. मग मी आणि जानू जीप घेऊन जव्हारला निघालो. पाऊस अजून होता, पण आषाढाचा जोर ओसरला होता. वाटेत जानू एवढंच बोलला, "नवा रॉड चांगला बसवला साहेब. आवाज गोड येतो."

जामसरच्या पुढे आडरस्त्याला तो ओहोळ. नाव सांगण्यासारखा मोठा नाही. त्यावर फरशी, म्हणजे कठडा नसलेला, ओहोळाच्या तळालगत बांधलेला सिमेंटचा पट्टा. पावसाळ्यात पाणी खालच्या नळ्यांतून जायचं सोडून वरूनच जातं. वरच्या अंगाला शेवाळ. खालच्या अंगाला पाणी पुरुषभर खोल डोहात पडतं.

जानूने गाडी काठावर थांबवली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. एक बारीक काडी घेऊन पाण्याच्या अगदी कडेला चिखलात रोवली. मग दगडावर बसून बिडी पेटवली.

"हे काय?"

"बिडी होतपरेन बघाचा. काडी पान्यात गेली तं पानी चढतोय, जावाचा नाय. काडी कोरडी राहिली तं उतरतोय."

बिडी संपली. काडीपासून पाणी बोटभर मागे गेलं होतं. मग तो पँट वर करून फरशीवरून चालत पलीकडे गेला आणि परत आला. पाणी पोटरीच्या वर, गुडघ्याच्या खाली.

"मांडीला लागला तं गाडी नाय घालाची," तो म्हणाला. "मानूस उभा राहत नाय तिथं गाडी पन राहत नाय."

माझ्याकडे डिप्लोमा होता, पण मी कुठल्याही कोर्समध्ये एवढं नीट शिकलो नव्हतो. त्यानंतर त्याने गाडीच्या मागून एक जुनं इरलं काढलं. लावणीच्या वेळी पाऊस लागू नये म्हणून पाठीवर घेतात ते, बांबूच्या कामट्या आणि पळसाच्या पानांचं. ते त्याने जीपच्या जाळीवर पुढून आडवं धरलं आणि सुतळीने दोन्ही बाजूंना बांधलं.

मला वर्कशॉपमधल्या सुतळीचे तुकडे आठवले. पानांचा चुरा आठवला.

"आणि हे?"

"पानी पुढून आत नाय जावा म्हनून."

गाडी पाण्यात शिरली की बंपर पाणी ढकलतो आणि पुढे एक लाट उठते. ती जाळीतून आत घुसते. जाळी झाकली की लाट बाजूला होते आणि बॉनेटखाली पाणी वीतभर कमी राहतं. कारखानिसांच्या कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर याच कामासाठी एक ताडपत्री विकायला होती. जानूने ती युक्ती कॅटलॉग न पाहता केली होती. मला मोठं कौतुक वाटलं.

"त्या दिवशी बांधलं नव्हतंस?"

"नाय. त्या दिवशी दिला."

"कोणाला?"

"त्या बाईचा नवरा धावत आला होता. डोक्यावं काय नाय, आखा भिजलेला. त्याला परत पुढं पलवला, गाडी येते म्हनून सांगाला. त्याला दिला इरला. दुसरे दिवशी परत आनून दिला त्याने."

मी मान हलवली. मग सहज, अगदी सहज विचारलं, "पण जानू, या फरशीवरून तू सात-आठ वर्षं जातोस. आधीपासून इरलं बांधतोस?"

"आधी नाय लागत होता."

"मग कधीपासून?"

"ह्या साली."

"ह्याच साली का?"

जानू माझ्याकडे बघेना. त्याने एकदा बॉनेटकडे बघितलं आणि मग ओहोळाकडे. मी बॉनेट उघडलं.

एअर क्लीनरच्या, म्हणजे इंजिनाची हवा गाळणाऱ्या डब्याच्या, तोंडाला एक रबरी होज जोडलेला होता. होज खाली उतरून, पुढे वळून, रेडिएटरच्या शेजारी जाळीच्या मागे एका एल्बोत, म्हणजे कोपरासारख्या वाकड्या नळीत, संपत होता. एल्बोचं तोंड खाली, बंपरच्या उंचीला.

तो एल्बो मी बसवला होता. एप्रिलमध्ये.

उन्हाळ्यात जानूची तक्रार होती की घाट चढताना इंजिन तापतं आणि गाडी ओढत नाही. बॉनेटखालची हवा गरम, तीच इंजिन घेतं. मी म्हटलं, थंड हवा समोरून देऊ. स्टोअरमधला होज कापला, एल्बो जोडला. गाडी घाटात पळायला लागली आणि मी आठवडाभर त्या जुगाडाची फुशारकी मारली. पावसाआधी तो काढून टाकायचा हे मी स्वतःशीच ठरवलं होतं. मेच्या शेवटी गाडी आली तेव्हा ब्रेक बघितले, वायपर बघितले, एल्बो राहिला. नंतर इंजिन उघडलं तेव्हा तो फिटरने काढून ट्रेमध्ये ठेवला आणि पुन्हा होता तसा बसवला. माझ्या डोळ्यांसमोर. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर जसं दिसेनासं होतं, तसा स्वतःच्या हातचा एल्बो मला दिसला नव्हता.

होज काढला. इरलंही सोडलं. एअर क्लीनरचं मूळचं तोंड दोन वितींहून जास्त वर, फायरवॉलजवळ, म्हणजे ड्रायव्हरसमोरच्या पत्र्याजवळ होतं. त्याच्या कडेला खडूची पूड लावली आणि जानूला म्हटलं, "जा पलीकडे आणि परत ये." तो नेहमीच्या वेगाने गेला, आला. बॉनेट उघडलं. पूड कोरडी होती. दुसऱ्यांदा वेग थोडा वाढवून पाठवलं. तरीही कोरडी.

म्हणजे जीपला स्नॉर्केलची गरज नव्हती. तिला तिची जुनी जागा परत हवी होती. जीप बुडवणारा जानू नव्हता, मी होतो.

आम्ही दगडावर बसलो. पहिल्यांदा मला राग आला तो जानूवरच. माणसाचा स्वभाव असा की चूक सापडली की आधी दुसऱ्याकडे बोट जातं.

"तुला माहीत होतं?"

"ठाऊक होता."

"मग बोलला का नाहीस? जूनमध्येच सांगायचं!"

"तुमीच बसवला. तुमी शिकलेला मानूस. मी म्हनला, असल काय आतली बात. मंग पानी आला, तवा समजला."

"मग काढून टाकायचास."

"तुमी बसवलेला मी कसा काढू? इरला बांधला."

"आणि नोकरी जायची वेळ आली तरी गप्प? सेक्रेटरींनी विचारलं ना तुला?"

"त्यांनी इचारला पानी किती होता. मी सांगला. पाइपाचा कोनी इचारलाच नाय."

"तू होऊन सांगायचंस!"

जानूने बिडीचं थोटूक पाण्यात टाकलं. ते कुठे जातं ते बघत म्हणाला, "सात वरसं तुमचे घरी जेवलो. वहिनी नागलीची भाकर करते. ज्याचे घरचा खाल्ला, त्याचा नाव असा चार लोकांत पुढं करीत नाय आमच्यात."

मला सरळ सरळ रडू येत होतं आणि ते लपवायला मी हत्यारांच्या पेटीत पाने शोधत बसलो.

जव्हारला येऊन एसटीडी बूथवरून शेठना फोन लावला. सगळं सांगितलं.

"गांगुर्डे, हे आणखी कोणाला सांगितलं?"

"कोणालाच नाही."

"मग सांगू नका. स्नॉर्केल लावला की तुमचा तो होज जातोच की नाही? मग झालं तर. जानू सुटतो, तुम्ही सुटता, वर्कशॉप सुटतं. आणि दिवाळीला तुमचं मॅनेजरचं बघायचंय मला, हेही लक्षात ठेवा."

शेठ वाईट नव्हते. त्यांचं म्हणणं बिनचूक होतं. एक पाइप लावला की तिघांची झाकली मूठ. मी बूथसमोरच्या बाकावर चहा घेत बसलो आणि खरं सांगतो, निम्मा कप होईपर्यंत स्नॉर्केल हवा असंच ठरवलं होतं.

मग फरशी डोळ्यांसमोर आली. स्नॉर्केल इंजिनाला श्वास देतो. चाकाला पकड देत नाही. पाणी मांडीच्या वर गेलं की जीप हलकी होते, वाहतं पाणी तिला बाजूने ढकलतं. कठडा नाही, खाली डोह. आज इंजिनाला भीती आहे म्हणून ड्रायव्हर थांबतो. इंजिनाची भीती काढली की कोणीतरी, जानू नसेल तर त्याच्या जागी आलेला दुसरा कोणी, एक दिवस मागे बाळंतीण आणि सिस्टर घेऊन मांडीभर पाण्यात गाडी घालणार. का, तर टपावर पाइप आहे म्हणून. आणि तो पाइप तिथे माझी चूक झाकायला बसलेला असणार.

उरलेला चहा थंड झाला. तो तसाच ठेवून मी कागद मागितला.

शनिवारी कारखानीस जव्हारला आले. दवाखान्याच्या खोलीत ते, सिस्टर, जानू आणि मी. रिपोर्ट एकाच पानाचा होता. मी वाचून दाखवला. एप्रिलमध्ये इनटेकची, म्हणजे इंजिन हवा घेतं त्या तोंडाची, जागा मी बदलली. पावसाआधी ती पूर्ववत करायला मी विसरलो. त्यामुळे पाणी इंजिनात गेलं. ड्रायव्हरने वेग आणि खोली दोन्ही बरोबर ठेवली होती. स्नॉर्केलची शिफारस नाही.

कारखानिसांनी चष्मा काढला. "म्हणजे तुमच्याकडून झालं?"

"माझ्याकडून."

"आणि आता गाडी किती पाण्यातून जाईल?"

"गुडघाभर."

"स्नॉर्केल लावला तर?"

"इंजिन छातीभर पाण्यातही चालेल. गाडी जाणार नाही."

"म्हणजे?"

"इंजिन चालू राहील आणि गाडी डोहात जाईल. इंजिनाला काही होणार नाही."

सिस्टर फस्सकन हसली आणि लगेच तोंडावर हात धरला. कारखानीस हसले नाहीत. "मग गुडघ्याच्या वर पाणी असेल तेव्हा पेशंटचं काय? मला उत्तर पाहिजे, विनोद नको."

त्यांचं बरोबर होतं. मी जानूकडे बघितलं. "जानूभाऊ, सांग."

त्याने सेक्रेटरींसमोर पहिल्यांदाच तोंड उघडलं असावं. "साहेब, ती नदी नाय, ओहोळ हाय. पाऊस थांबला का पानी उतरतो. एक बिडी, दोन बिडी. नायच उतरला तं वरचे अंगाला दगडांवरनं झोळी नेतात लोक, चार मानसं लागतात. मंग गाडी ह्या काठाला उभी पायजे. गाडी राहिली तं काम होल. गाडी वाहिली तं काय?"

कारखानिसांनी रिपोर्ट घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "भोये, गांगुर्डेंनी जागा बदलली हे तुम्ही आधी का नाही बोललात?"

जानूने खाली बघितलं. मी म्हणालो, "तो माझ्या घरी जेवतो म्हणून."

कारखानिसांना ते कळलं की नाही, मला माहीत नाही. सिस्टरला कळलं. ती त्या भागातलीच होती.

जानू राहिला. डोनरनी माघार घेतली. पाइपऐवजी दोर आणि झोळीचा बांबू घ्यायचं ठरलं, त्यावर आईचं नाव कुठे घालणार? फरशीच्या तोंडाशी एका दगडावर आम्ही पांढरा पट्टा मारला. पट्टा बुडाला की गाडी नाही, असा लेखी नियम झाला. संस्थेने सर्व्हिसिंगचं काम मात्र आमच्याकडेच ठेवलं. "चूक लिहून देणारा गॅरेजवाला पुन्हा कुठे शोधू?" असं कारखानीस म्हणाल्याचं मागाहून कळलं. शेठ महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. दिवाळीला मॅनेजर दुसराच झाला. त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पुष्कळ वाटलं.

पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट सिस्टरने सांगितली. गाडीत कळा येणारी बाई होती आणि पांढरा पट्टा पाण्याखाली होता. जानूने गाडी काठावर थांबवली, काडी रोवली आणि बिडी पेटवली. सिस्टर त्याच्यावर ओरडली, बाईची सासू रडायला लागली. जानू दुसरी बिडी पेटवून बसला. तेवढ्यात वरून एक आख्खा झाडाचा ओंडका आला, फरशीवर आडवा घासत गेला आणि डोहात पडला. त्यानंतर कोणी ओरडलं नाही. पट्टा वर आला, जानूने इरलं बांधलं आणि गाडी पार झाली. जव्हारच्या सरकारी दवाखान्यात मुलगी झाली.

आता शेवटचं. पुन्हा मे महिना आला आणि पावसाआधीच्या सर्व्हिसिंगला जानू गाडी घेऊन आला. दुपारी काम झालं. मी हात धुतले आणि म्हटलं, "चल, घरी वाट बघतायत."

तो जागचा हलला नाही. "थांबा साहेब." त्याने बॉनेट उघडलं. एकेक होज, एकेक क्लिप हाताने दाबून बघितली. खाली वाकून बघितलं. माझे फिटर तोंड वाकडं करून उभे. पंधरा-वीस मिनिटं गेली. शेवटी त्याने खालच्या रेडिएटर होजवर बोट ठेवलं.

"हा क्लिप ढिला हाय."

मी बघितलं. ढिला होता.

"आता जेवाया येतो," जानू म्हणाला. "आधी येत होतो ती चूक होती माझी. जेवल्यावं बोलता येत नाय."

निवृत्त होईपर्यंत पुढे बारा-तेरा वर्षं मी त्या वर्कशॉपमध्ये होतो. ड्रायव्हर गाडी न्यायला आला की आधी त्याला बॉनेट उघडून द्यायचं आणि काय चुकलं ते विचारायचं, अशी पद्धत मी लावली. चहा त्यानंतर.